उधाण ते भांग: मांडवी-जुवारीच्या गाळात

वैशाख वद्य चतुर्दशी, दोना पावला

आजचा अख्खा दिवस बाटल्या धुण्यात गेला. पाण्यातले धातू मोजायचे असले की बाटल्या आधी पातळ आम्लात भिजत घालायच्या, मग शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा विसळायच्या आणि झाकणं आवळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायच्या. आम्ही शोधतो ते शिसं किंवा तांबं लिटरमागे एखाद-दोन मायक्रोग्रॅम असतं, आणि तेवढं तर हाताच्या धुळीतही निघतं. ऑक्सिजनच्या काचेच्या बाटल्या वेगळ्या, जंतूंच्या तपासणीच्या निर्जंतुक बाटल्या वेगळ्या. त्याशिवाय बर्फाच्या पेट्या, गाळ उचलायचा लोखंडी जबडा, पीव्हीसीचे लांब पाइप, प्लास्टिकच्या सुऱ्या, दोरखंड. सामान संध्याकाळी धक्क्यावर नेऊन ठेवलं.

गोव्यात हे काम शिकायला मी आले तेव्हा मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांवर देशातल्या बहुतेक खाड्यांपेक्षा जास्त अभ्यास आधीच झालेला होता. कारण साधं आहे. आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे तिचं मुख्यालय इथेच, दोना पावलाच्या पठारावर उभं राहिलं. पठाराच्या एका अंगाला मांडवीचं मुख, दुसऱ्या अंगाला जुवारीचं. ज्यांना खोल समुद्र खुणावत होता ते जहाजांवर गेले. आमच्यासारख्यांना खाडीने धरून ठेवलं. माझी सुरुवातीची वर्षं पाणी मोजण्यात गेली, नंतरची सगळी गाळात.

विद्यार्थ्यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक छापून आणलं होतं. आमच्या होडीचे तांडेल कोष्टक बघत नाहीत, कॅलेंडरातली तिथी बघतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते, हा कोकणातला जुना हिशेब: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आज चतुर्दशीला साडेदहा. मुंबई-रत्नागिरीकडे तो चांगला बसतो, मांडवीच्या मुखाशी थोडा मागेपुढे होतो आणि नदीत आत जावं तसतशी भरती उशिरा पोचते. तरी दोन्ही आकडे समोर ठेवून बघितले तर फरक फार नव्हता. या दौऱ्याच्या वहीत मी तारखेआधी तिथी लिहायला सांगितली आहे.

मे महिना मुद्दाम निवडला. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पावसाळ्यात मांडवीच्या मुखापाशीसुद्धा वरचं पाणी जवळपास गोडं होतं. मे अखेरीस नदीत पाणीच उरत नाही, आणि समुद्र आपला हक्क सांगत आत घुसतो. खारं पाणी वर्षभरात सगळ्यात लांब कुठवर जातं ते बघायचं तर याच अमावास्येला.

वैशाख अमावास्या, रायबंदर

पहाटे अंधारातच रायबंदरसमोर नांगर टाकला. आज होडी हलवायची नाही. एका जागी थांबून पूर्ण भरती-ओहोटी होईपर्यंत, म्हणजे साडेबारा तास, दर तासाला पृष्ठभागाचं, मधलं आणि तळाचं पाणी घ्यायचं. खाडीच्या अभ्यासात यापेक्षा कंटाळवाणं काम नाही आणि यापेक्षा जास्त शिकवणारंही नाही.

उजाडलं तेव्हा ओहोटी संपत आली होती. मे महिन्यात सकाळची ओहोटी संध्याकाळच्या ओहोटीपेक्षा खोल जाते, त्यामुळे चोडणच्या बाजूचा चिखल लांबवर उघडा पडला होता. पणजीहून रायबंदरला येणारा १६३३-३४ मधला दगडी बांधरस्ता आमच्या मागे, त्याला लागून जुनी मिठागरं. पाणी चहाच्या रंगाचं. पांढरी तबकडी दोरीला बांधून खाली सोडली, हातभरही गेली नाही तोच दिसेनाशी झाली.

मग भरती लागली. होडी नांगरावर फिरून तोंड समुद्राकडे करून उभी राहिली आणि दोन-तीन तासांत पाणी बदललं. क्षारता चढत गेली, रंग हिरवट झाला, तबकडी खोल जाऊ लागली. मुखापाशी समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, दुपारच्या भरतीला आम्ही त्याच्या जवळ पोचलो. तासाभराच्या विसाव्यानंतर पाणी उलट फिरलं आणि ओहोटीला वेग आला तशी पुन्हा गढूळता वाढली. गढूळ पाणी सगळ्यात जास्त ओहोटीच्या टोकाला नसतं, तर मधल्या टप्प्यात, प्रवाह सर्वांत जोरात असतो तेव्हा. तळाचा गाळ तेव्हा उचलला जातो. पाणी थांबलं की तो पुन्हा बसतो, आणि दिवसातून चार वेळा हेच चालतं.

ऑक्सिजनचं काम मी स्वतः करते, आजही केलं. पाणी नळीने बाटलीच्या तळापासून भरायचं, भरपूर वाहू द्यायचं, एकही बुडबुडा राहता कामा नये. मग पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन एक मिलिलिटर मँगनीजचं द्रावण, एक मिलिलिटर अल्कलीयुक्त आयोडाइड. झाकण लावून बाटली उलटसुलट केली की तपकिरी साका तयार होतो आणि सावकाश खाली बसतो. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. नंतर आम्ल घातलं की साका विरघळून सोनेरी रंग येतो. थायोसल्फेटचे थेंब पाडत न्यायचे, रंग फिका झाला की स्टार्च टाकायचा, सगळं निळं होतं, आणि एका थेंबाला तो निळा रंग नाहीसा होतो. तोवर थायोसल्फेट किती लागलं त्यावरून ऑक्सिजनचा आकडा निघतो. विंकलरने ही पद्धत १८८८ मध्ये दिली. आता बोटाएवढे सेन्सर आकडा तत्काळ दाखवतात, आम्हीही ते वापरतो, पण सेन्सर बरोबर चालतोय की नाही हे अजून याच बाटलीवर तपासतात.

तीस अंशाच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सव्वासहा मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो. आंघोळीच्या किनाऱ्यांसाठी आपल्याकडचं मानक ४ मिलीग्रॅमचं आहे. म्हणजे आपल्या उष्ण खाड्यांत हाताशी असलेली शिल्लक मुळातच थोडी. सांडपाण्याचा एखादा नाला आला, तळाचा काळा चिखल ढवळला गेला, की ती भराभर खर्च होते.

दुपारी एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मग रायबंदरच्या पाण्याचा आकडा नेमका कुठला धरायचा? सकाळचा की दुपारचा?"

माझ्या कामाचं सार या प्रश्नात आहे म्हणून इथे जरा थांबते. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने या नद्यांच्या दरमहाच्या नोंदींचा जाडजूड अहवाल अभिप्रायासाठी पाठवला होता. ऑक्सिजन, जैविक ऑक्सिजनची मागणी, विष्ठेतले जंतू, गढूळता, सगळे रकाने भरलेले. नमुना किती वाजता घेतला याचा रकानाच नव्हता. आज सकाळी सहाला आणि दुपारी बाराला एकाच जागी घेतलेली पाण्याची दोन भांडी समोर ठेवली तर ती दोन वेगळ्या नद्यांची वाटतील. महिन्यातून एकदा, कार्यालयाच्या वेळेत, गाडी मिळेल तेव्हा नमुना घेतला तर कधी समुद्र मोजला जातो, कधी नदी, कधी पणजीचं सांडपाणी. मग जानेवारीत नदी सुधारली, फेब्रुवारीत बिघडली असे निष्कर्ष निघतात आणि त्यावर बैठका होतात. भरतीची अवस्था लिहिल्याशिवाय खाडीच्या पाण्याचा आकडा वहीत घेऊ नये, हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी सांगते. तिला म्हटलं, "दोन्ही धरायचे, वेळेसकट. आणि उद्या चिखलात उतरायचं."

जंतूंचे नमुने बर्फात ठेवून संध्याकाळच्या आत प्रयोगशाळेत पाठवले. पणजीच्या धक्क्यासमोर जहाजांची गर्दी केवढी वाढली आहे हे परतताना पुन्हा दिसलं.

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा, चोडण

"बाई, सुकती लागली. आता तासभर आपला," तांडेल म्हणाले. सुकती म्हणजे ओहोटी.

चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. अवघं १.७८ चौरस किलोमीटर, पण तिवर, कांदळ, चिपी, सगळी खारफुटी तिथे दाट. आम्ही त्याच्या हद्दीबाहेरच्या उघड्या चिखलात उतरलो. बूट घालून इथे चालता येत नाही, चिखल बूट ठेवून घेतो. अनवाणी जावं तर कालवांच्या धारेने तळवा फाटतो. जाड कापडी जोडे दोरीने पायाला बांधणं हाच उपाय. गुडघ्यापर्यंत रुतत, फळीवर वजन टाकत पुढे सरकायचं. समोर निवट्या टुणटुण उड्या मारत पळत होत्या, आणि एका नांगीने खुणा करणारे लाल-पांढरे खेकडे आमची सावली पडली की बिळात गडप होत होते.

मीटरभर लांबीचा पाइप सरळ उभा धरून दोघांनी सावकाश दाबला. घाई केली, फिरवला, ठोकला, तर थर एकमेकांत मिसळतात आणि मेहनत वाया जाते. वरून रबरी बूच लावलं की आत हवा शिरत नाही, गाळ पाइपात धरून राहतो. मग बाजूचा चिखल हाताने उपसायचा, खांद्यापर्यंत हात घालून पाइपाच्या तळाशी तळवा लावायचा आणि तसाच वर काढायचा. ही शेवटची कामगिरी विद्यार्थ्यांपैकी ज्याचा हात लांब त्याची.

खारफुटीच्या सावलीत फळीवर गाळाचा दांडा बाहेर काढला. वरचे काही मिलिमीटर फिकट तपकिरी. तिथवर ऑक्सिजन पोचतो, लोह गंजलेल्या अवस्थेत असतं. त्याखाली राखाडी, आणि आणखी खाली गडद काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा. तिथे ऑक्सिजन नाही. जिवाणू श्वासासाठी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात, त्यातून सल्फाइड तयार होतं आणि ते लोहाशी जुळून काळं पडतं. वासाला नाक मुरडणाऱ्या नव्या मुलांना मी सांगते की हा वास नेहमीच प्रदूषणाचा नसतो. निरोगी खारफुटीचा चिखलही असाच वास मारतो.

दांड्याच्या मध्यावर, काळ्या भागात, मला हवी होती ती गोष्ट सापडली. एका कृमीचं बीळ उभं खाली गेलेलं, दाभणाएवढं जाड, आणि त्याच्या भोवती काळ्या गाळात तांबूस कडं. कृमी बिळात पाणी खेळवतो, पाण्याबरोबर ऑक्सिजन खाली उतरतो आणि जिथवर उतरतो तिथवर लोह पुन्हा गंजतं. भिंगाखाली त्या कड्याची बाहेरची कडा तपकिरीकडून करड्याकडे आणि मग काळ्याकडे जाताना दिसत होती. मुलं आलटूनपालटून बघत बसली. गाळ हा निर्जीव साठा असतो ही समजूत अशा एका बिळाने जाते. हेच कृमी वरचा गाळ खाली आणि खालचा वर करत असतात, म्हणून गाळातल्या वर्षांच्या सीमारेषा आखीव नसतात, पुसट असतात.

दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या प्लास्टिकच्या सुरीने कापल्या. पाइपाला घासलेली बाहेरची कड प्रत्येक चकतीची काढून टाकायची, कारण पाइप खाली जाताना वरचा गाळ तिथे सारवला जातो. चिमूटभर गाळ बोटांत चोळून बघितला. वाळू कचकचते, चिकणमाती साबणासारखी सरकते. इथे कचकच जवळजवळ नव्हतीच.

भरतीने पायापर्यंत येऊन काम थांबवलं.

ज्येष्ठ शुद्ध द्वितीया, चोडण ते गांजे

भरतीबरोबर वर निघालो. दिवाडी, नार्वे, आमोणे, मग उसगावच्या परिसरात डाव्या किनाऱ्याने येणारी खांडेपार, आणि शेवटी गांजे. समुद्रापासून साधारण ५० किलोमीटर आत, तरी काठावरच्या दगडांवर भरतीची ओली रेघ स्पष्ट दिसते. मांडवीचं वैशिष्ट्य हे की पहिल्या चाळीसेक किलोमीटरपर्यंत भरतीची उंची फारशी घटत नाही, आणि मग पात्राचा तळ उंच होऊ लागला की थोडक्या अंतरात ती विरते.

या टापूत नदीचे दोन्ही काठ खाणींच्या इतिहासाने भरलेले आहेत. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या काळापासून लोहखनिज इथून बार्जमध्ये भरून मुरगाव बंदरात जात असे. टनभर खनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड उपसला जातो, त्याचे डोंगर काठालगत, आणि वर तीन हजार मिलिमीटर पाऊस. भराईच्या धक्क्यांवर सांडणारं वेगळं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. २०१४ मध्ये न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. आमच्या दृष्टीने हा इतिहास एक प्रयोगच होऊन बसला: एवढी मोठी वाहतूक अचानक थांबल्यावर नदीचा तळ किती दिवसांत सावरतो?

पाणी लवकर सावरतं. बार्ज थांबल्या, पावसाळे गेले, की तबकडी खोल दिसू लागते आणि लोक म्हणतात नदी स्वच्छ झाली. तळाचं तसं नाही. कृमी गाळ मिसळतात, उधाणाचा प्रवाह तो उचलून पुढे-मागे करतो, कुणी गाळ उपसला तर पुरलेला थर पुन्हा वर येतो. म्हणून "किती वर्षांत साफ होईल?" या प्रश्नाला मी एक आकडा कधीच दिला नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं गाळ काढत राहायला हवा. तेवढ्या मुदतीचे प्रकल्प मंजूर होत नाहीत. तीन वर्षांचा प्रकल्प संपतो, माणसं पांगतात, पाइप कपाटात जातात. माझ्या कारकिर्दीत मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट हीच.

आमोण्याच्या वर क्षारता पटापट उतरू लागली. हा पट्टा मला सगळ्या नदीत जास्त आवडतो. गोड्या पाण्यातून येणारे लोहाचे अतिसूक्ष्म कण आणि चिकणमाती एकमेकांना दूर लोटत तरंगत असतात, कारण सगळ्यांवर सारखाच विद्युतभार असतो. पाण्यात थोडं मीठ आलं की तो भार दबतो आणि कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, दूध नासावं तसे. पुंजके जड होतात आणि बसतात. नदीने आणलेल्या विरघळलेल्या लोहाचा बराचसा वाटा या हलक्या खाऱ्या पट्ट्यातच खाली जातो, समुद्रापर्यंत पोचतच नाही. भांड्यात नदीचं पाणी घेऊन त्यात थोडं समुद्राचं ओतून मुलांना दाखवलं. काही मिनिटांत तळाशी बारीक तांबूस कापूस दिसू लागला.

हा पट्टा कुठे असेल ते ठरवते वरून येणारं गोडं पाणी. पावसाळ्यात तो मुखाकडे ढकलला जातो, आत्ता तो इथे आहे. म्हादई म्हणजे मांडवीच, वरच्या भागातलं तिचं नाव. तिच्या पाण्याचा वाद गोवेकरांना पाठ आहे. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असं वाटप केलं. बातम्यांत चर्चा होते ती पिण्याच्या पाण्याची, शेतीची आणि वरच्या जंगलाची, ती व्हायलाच हवी. पण उन्हाळ्यातला प्रवाह आटला तर खारं पाणी किती वर सरकेल, गाळ बसण्याची जागा कुठे जाईल, हा प्रश्न खाडीकाठच्या गावांचा आहे आणि तो फार कमी वेळा विचारला जातो. वर खांडेपार नदीवर ओपाचं पाणी उचललं जातं, पणजी-फोंडा ते पितात. तिथे जाताना मीठ मोजायची गरज पडू नये.

ज्येष्ठ शुद्ध तृतीया, कुंभारजुवे कालवा

मांडवी आणि जुवारी यांना आतून जोडणारा हा सुमारे १७ किलोमीटरचा फाटा. अरुंद, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंनी खारफुटी. इथे मगरी आहेत, तांडेलांनी सकाळपासून दोनदा बजावलं की हात पाण्यात घालायचा नाही. एक दिसलीही, काठाच्या चिखलावर तोंड उघडून पडलेली. होडी जवळ गेली तशी सरकून पाण्यात उतरली, चिखलावर पोटाचा गुळगुळीत चर राहिला. भोमच्या परिसरात पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मानगे थापणी. काठची माती घेऊन, शिंपल्यांनी सजवून. चिखलाबद्दल एवढा आदर मी कुठल्या विज्ञान परिषदेतही पाहिलेला नाही.

दुपारी एका खाजनाच्या बांधावर उतरलो. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यातून बांध घालून मिळवलेली सखल जमीन. गावकऱ्यांनी शतकानुशतकं राखलेली. बांधात मानस असते, लाकडी दारांची. दारं अशी बसवलेली की भरतीचं पाणी ढकलतं तेव्हा ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडताना उघडतात. खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगूट भात पावसाळ्यात, एरवी मासे आणि कोळंबी. मी दाराच्या आतला आणि बाहेरचा असे दोन नमुने घेतले. बांधावर भेटलेल्या वयस्क शेतकऱ्याने सांगितलं की माणसं नसल्याने बांधाची डागडुजी होत नाही, फुटला की वर्ष-वर्ष तसाच राहतो, आणि आत खारं पाणी कायमचं शिरलं की शेतात खारफुटी उगवते.

"तुम्ही चिखल नेताय, मग आमच्या बांधाचं काही सांगाल का?" त्यांनी विचारलं.

बांधाला लागणारी चिकणमाती कुठल्या पट्ट्यात बसते, नदीच्या कुठल्या वळणावर वाळू जास्त आहे, हे आमच्या नकाशात आहे. ते मराठीत-कोंकणीत लिहून गावात पोचवायचं मी कबूल केलं. विद्यार्थ्यांपैकी एकीकडे ते काम दिलं, मसुदा याच महिन्यात.

ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी, जुवारी

कुठ्ठाळी, बोरी, कुडचडे. जुवारीचं मुख मांडवीपेक्षा रुंद, मुरगावचा उपसागर उघडा, दुपारी वारा चढला आणि लाटांनी जबडा नीट बसेना. नमुने घेतले, पण वेळेत घेतले तेवढेच.

मुरगावच्या बाजूचा गाळ मी वेगळा ठेवते. जहाजांच्या तळाला शेवाळ-शिंपले लागू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगात पूर्वी ट्रायब्यूटिलटिन हे कथिलाचं विषारी संयुग असायचं. त्याच्या अगदी थोड्या प्रमाणानेही मादी शंखांमध्ये नराची इंद्रियं वाढू लागतात, आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शंखांतही ते नोंदलं गेलं आहे. त्यावरची जागतिक बंदी १७ सप्टेंबर २००८ रोजी अमलात आली. बंदरांच्या गाळात मात्र ते वर्षानुवर्षं टिकतं, ऑक्सिजन नसलेल्या थरात तर जास्तच. चिखलीच्या उपसागरात काचेसारख्या पातळ शिंपल्याचे जीव राहतात, जुन्या घरांच्या खिडक्यांना ज्यांची तावदानं लावत तेच. त्यांचं घर हा गाळ आहे.

पंचमी ते सप्तमी, प्रयोगशाळा

गाळणं, सुकवणं, चाळणं. चकत्या ६० अंशांच्या भट्टीत. त्याहून जास्त उष्णता दिली तर पारा उडून जातो. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर ओला गाळ धुवायचा: वर राहते ती वाळू, खाली जातो तो बारीक गाळ. मग उंच नळकांड्यात तो ढवळून ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीवरून पिपेटने थोडा उचलायचा, कारण कण जितका बारीक तितका तो सावकाश बसतो. या कामाला यंत्रं आली आहेत, तरी पिपेटने मी मुलांकडून एकदा तरी करून घेते.

मला वाटतं, गाळाच्या अभ्यासात सर्वाधिक दिशाभूल इथेच होते. बारीक कणांना पृष्ठभाग जास्त, म्हणून धातू त्यांना जास्त चिकटतात. वाळूच्या जागी धातू कमी दिसले आणि चिखलाच्या जागी जास्त, एवढ्यावरून चिखलाची जागा प्रदूषित ठरत नाही. म्हणून प्रत्येक धातूचं प्रमाण ॲल्युमिनियमशी ताडून बघतात. ॲल्युमिनियम चिकणमातीतलंच, माणसाच्या उद्योगाने सहसा न वाढणारं. गोव्यात तर आणखी काळजी हवी. जांभ्याची जमीन मुळातच लोहाने लाल, खाणी नसत्या तरी पावसाळ्यात नदी तांबडी झालीच असती. लाल रंग बघून आरोप करता येत नाही, आणि लाल रंग नैसर्गिक म्हणून सगळं माफही करता येत नाही. खालच्या जुन्या थरांशी वरचे थर ताडायचे, त्यासाठी थरांचं वय हवं. हवेतून पावसाबरोबर पडणारं किरणोत्सारी शिसं, २१० वस्तुमानाचं, बावीसेक वर्षांत निम्मं होतं. त्यावरून शंभरेक वर्षांपर्यंतचा हिशेब लागतो. चोडणचा दांडा त्या तपासणीला पाठवला आहे, निकाल यायला काही महिने जातील.

अमावास्येच्या ऑक्सिजनचा तक्ता तयार झाला. एका दिवसातला चढ-उतार त्या जुन्या अहवालातल्या वर्षभराच्या चढ-उताराएवढा निघाला.

ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, पुन्हा रायबंदर

आज भांग, म्हणजे उधाणाच्या उलट टोक. भरती सकाळी सहाच्या सुमारास भरली, आणि चढ-उतार उधाणाच्या जवळपास निम्माच. तीच जागा, तोच नांगर, तीच साडेबारा तासांची बैठक. प्रवाह इतका मंद की दोर सैल पडला होता. पाणी निवळलेलं, तबकडी दिवसभर खोल दिसत राहिली. काठावर मासे धरायला आलेला एक माणूस म्हणाला, "आज नदी चांगली आहे."

तळाच्या बाटल्यांनी वेगळं सांगितलं. पाणी ढवळलं जात नाही तेव्हा वरचं हलकं पाणी वर आणि जड खारं पाणी खाली असे थर पडतात, वरची हवा खालपर्यंत पोचत नाही, आणि तळाचा चिखल मात्र आपला वाटा घेतच राहतो. तळाच्या ऑक्सिजनच्या बाटल्यांत साका अमावास्येपेक्षा फिकट बसला, टायट्रेशनला थेंब कमी लागले. दिसायला सगळ्यात स्वच्छ दिवस, आणि तळाशी राहणाऱ्यांना सगळ्यात अवघड. तिसऱ्या, कालवं, कृमी यांना उठून दुसरीकडे जाता येत नाही.

संध्याकाळी वह्या तपासल्या. प्रत्येक ओळीत तिथी, वेळ, भरतीची अवस्था, खोली. ज्या विद्यार्थिनीने अमावास्येला प्रश्न विचारला होता तिने नमुन्यांच्या छापील तक्त्यातच "भरती सुरू होऊन किती वेळ" असा रकाना वाढवला आहे आणि तो तक्ता त्या कार्यालयाला पाठवायचा प्रस्ताव तिने स्वतः लिहिला. मी सही केली.

पुढची खेप जूनमध्ये, पहिला मोठा लोंढा येऊन गेल्यावर. तोवर आग्वादचा बार, म्हणजे मुखाशी असलेला वाळूचा उथळ पट्टा, होड्यांना बंद झालेला असेल, होडी मुखाशी नेता येणार नाही, म्हणून मुखाचे नमुने काठावरूनच घ्यावे लागतील. तांडेलांनी रायबंदर, दिवाडी आणि नार्व्याच्या फेरीबोटवाल्यांशी बोलून ठेवलं आहे. बाटल्या उद्यापासून पुन्हा आम्लात.